नाल मन्ही

मोटार विकणाऱ्या सुरतेच्या पेढीचा माणूस अंगातला कोट काढून बाजेवर ठेवून मोटारीखाली सरपटत गेला, तेव्हा जसोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर उभी होती. त्याचे फक्त बूट बाहेर राहिले होते. दोंडाईच्याच्या स्टेशनावरून बैलगाडीत येताना तापीच्या उतारात लागलेली वाळू त्या बुटांना अजून चिकटलेली होती. पाणी आता बुटांना विचारायचं की काय, असं तिच्या मनात आलं आणि ओठांशी आलेलं हसू तिनं तिथंच मिटवलं. आज सोमवार होता. दिवस मावळेपर्यंत तिच्या पोटात तापीच्या पाण्याशिवाय काही जायचं नव्हतं, आणि आजच्या उपासाला एक मागणं बांधलेलं होतं.

मोटारीच्या पलीकडे तिचा नवरा, भाईदास, हात पाठीशी बांधून आभाळाकडे बघत होता. सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचे दात बघायला लागलं की तो असाच उभा राहायचा, जणू घोडं दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपण सहज वाटेनं चाललो होतो. बाप-आजापासून घरात घोड्यांचा व्यापार. यंदाच्या दसऱ्याला त्यानं घरातलं शेवटचं घोडं विकलं आणि ही मोटार आणली. यात्रेची माणसं आता रेल्वेनं दोंडाईच्याला उतरतात, तिथून नदी ओलांडून शहाद्यापर्यंत त्यांना चाकं हवीत, खूर नकोत, असं तो सगळ्यांना सांगायचा. नवी कोरी मोटार थोडे दिवस तोऱ्यात धावली. मग कार्तिकातल्या एका सकाळी, उतारातून वर चढताना, तिच्या इंजिनातून पाणी गळायला लागलं आणि थोड्या वेळानं आवाजही गेला. बैल जुंपून ती घरी आणावी लागली. तेव्हापासून ती अंगणातल्या निंबाखाली उभी होती, आणि दत्ताची यात्रा तोंडावर आली होती.

खालून हातोडीची टकटक ऐकू येत होती. आधी पुढून, इंजिनाखालून, जिथं मातीत तेलाचा काळा डाग पडला होता तिथून. मग ती मागं सरकली, आणि मागच्या चाकाशी येऊन थांबली.

जसोदाबाईचं मागणं खरं म्हणजे मोटारीसाठी नव्हतं. ते पोवळीसाठी होतं.

पोवळी ही पोवळ्याच्या रंगाची घोडी, तिच्या हातावर वाढलेली. बाकीची घोडी बाहेर पागेत असायची. पोवळीची जागा घरात, उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताच्या पडवीत. रोज संध्याकाळी ती उंबऱ्याशी थांबायची, मान घालून लाकूड हुंगायची आणि मग एकेक पाय जपून उचलत आत यायची. शेजारची धनुबाई म्हणायची, नवी सूनसुद्धा माप इतक्या हळू ओलांडत नाही. सकाळी तापीवरून आल्यावर तुळशीला पाणी, देवाला फूल आणि पोवळीपुढे भिजवलेल्या हरभऱ्यांची मूठ, एवढं झाल्याशिवाय जसोदाबाईनं कधी अन्नाला हात लावला नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खांडबाऱ्याकडच्या डोंगरातला योसेफ घोडीला घेऊन निघाला, तेव्हा निरोपाचा गुळाचा खडा तिच्याच हातात होता. पोवळीनं तो खाल्ला आणि वर तिचा तळहातही चाटला. तसाच ओला हात दुसऱ्या हाताला जोडून तिनं तापीच्या दिशेला नमस्कार केला आणि बोलून गेली, की पोवळी दारी परत येईपर्यंत गूळ माझ्या तोंडात जाणार नाही.

भाईदासनं ते ऐकलं होतं. तो रागावला नाही. उलट जवळ येऊन हळू म्हणाला,

"एक यात्रा मोटर चालू दे. मंग मी सोता खांडबाराले जासू, योसेफले दीडपट मोल दिसू नि पोवळीले लई येसू. तवलोंग तुन्हा गुळ डबामा ऱ्हाऊ दे."

मोटार चालली तरच पोवळी घरी येणार होती, म्हणून ती आज बुटांकडे बघत उभी होती.

"शेठ," मोटारीखालून आवाज आला, "ह्या कमानीत हे दोन पाटे कोणी घातले?"

भाईदासनं आभाळावरून नजर खाली आणली.

"दोधूनी. आमना लोहार शे. हात चांगला शे त्याना."

"हात चांगलाच आहे," आवाज म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

माणूस बाहेर आला. कपाळाला वंगण लागलं होतं. जसोदाबाईनं पुढं केलेला तांब्या त्यानं वरूनच तोंडात ओतला, चूळ भरली, मग पाणी प्यायला. बोलण्यात गुजरातीचा हेल होता, पण मराठी स्वच्छ होती. भाईदासनं त्याला आपण होऊन सगळं सांगितलं. मोटार आली ती पोटाशी फार बुटकी होती. उतारात पाणी अर्ध्या चाकापर्यंत येतं, खालचे दगड पोटाला लागले असते. तापी उतरणारं जनावर उंच पायांचं लागतं हे इथं लहान पोरालाही कळतं. म्हणून स्वतःच्या टांग्याच्या कमानीचे दोन चांगले पाटे काढून दोधूकडून मोटारीच्या कमानीत बसवून तिला उंच करून घेतलं. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता. टांगा आता लागणार नव्हता; त्याचं काही तरी नव्या गाडीच्या अंगी लागलं, एवढाच त्याचा अर्थ.

सुरतेच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग भाईदासला हाताला धरून पुढं नेलं, झाकण उघडलं आणि इंजिनाच्या अंगावर बोट ठेवलं.

"ही चीर बघा. केसासारखी आहे. ही कारखान्यातनंच आली. लोखंड ओतताना कधी आत हवा राहते, मग ते गरम झालं की फाटतं. तुमचा दोष नाही. लोहाराचाही नाही."

भाईदासचा चेहरा पहिल्यांदा उघडला. त्यानं ओट्याकडे पाहिलं. जसोदाबाईनं डोळे मिटून घेतले.

"मंग बदली देशात ना इंजन?"

माणूस बाजेकडे गेला, कोटाच्या खिशातून हमीचा कागद काढून त्यानं तो गुडघ्यावर उलगडला, पण वाचला नाही. तो त्याला पाठ असावा.

"शेठ, हमी आहे. मुदतही अजून आहे. पण कारखान्यातून निघाल्यावर तिच्या लोखंडाला दुसऱ्याचा हात लागला नसेल तरच. लाकूड तुमचं. वरचा सांगाडा तुम्ही कुठल्याही सुताराकडून करा, कंपनी विचारत नाही. लोखंड आमचं."

"पन चीर पुढे शे. पाटे मांगे शेतस."

"हो."

"पाटासमुळे चीर पडी का?"

"नाही."

"मंग?"

"मग काही नाही. चीर कशानं पडली हे कंपनी विचारत नाही. हात कुणाचा लागला, एवढंच विचारते."

निंबाची दोन पिवळी पानं मोटारीच्या टपावर पडली. भाईदास म्हणाला, की आज सांजेलाच दोधूला बोलावून पाटे काढून टाकतो, जशी आली होती तशी करून देतो.

"काढता येतील," माणूस म्हणाला. "पण लागले होते, ते कसं काढणार?"

जसोदाबाईला वाटत होतं, आता तो आवाज चढवेल, चार शेजारी गोळा करील, घोड्यांच्या बाजारात भांडतात तसा भांडेल. त्यानं तसं काहीच केलं नाही. सुरतेच्या माणसानं कागदाची घडी घातली, वाकून गुडघ्याची माती झटकली, मग एका हातानं दुसरा हात झटकला. भाईदास त्या हातांकडे बघत राहिला. मग बायकोकडे वळून एवढंच म्हणाला, की साहेबाला जेवायला वाढ, त्याला गाडीला उशीर होईल.

ते हात झटकणं जसोदाबाईच्याही ओळखीचं होतं.

भाईदासच्या घरून घोडं घ्यायचं तर मोल पंचाखाली बोटं धरून ठरायचं, ते दोघांतच राहायचं. पण पंचा काढला की बोली मोठ्यानं सांगितली जायची, चार माणसांच्या कानांवर पडेल अशी. "खोड निंघनी त घोडं मन्हं, पैसा तुन्हा. पन नाल मन्ही पाहिजे." येत्या दत्ताच्या पुनवेपर्यंत जनावरात खोड निघाली, तर ते परत घेईन, मात्र त्याच्या पायात माझ्याच घरची, दोधूनं घडवलेली नाल असायला हवी. परक्या हाताची नाल चांगला पाय बिघडवते, त्याची जोखीम विकणाऱ्यानं का घ्यायची? बोलणं रास्त होतं. त्या बोलीवर विश्वासून लांबलांबची माणसं घोडी न्यायची. पण लांबच्या वाटेत नाल पडते, आणि माणूस जो लोहार भेटेल त्याच्याकडून ठोकून घेतो. मग खोड निघाली की तो जनावर घेऊन दारात उभा राहायचा. भाईदास त्याचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा, वाकायचा, खूर उचलून बघायचा आणि जनावराला जाणवणारही नाही इतक्या अलगद खाली ठेवायचा. मग हात झटकायचा. पाय कशानं दुखतो, हे त्यानं कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

जसोदाबाईनं हे ओट्यावरून कितीदा पाहिलं होतं. चुकीचं वाटलं नव्हतं. तो त्यांचा धंदा होता. परत जाणाऱ्या माणसाला ती ताक द्यायची, तेवढं आपल्या हातात आहे असं समजून.

पोवळी विकतानाही तीच बोली झाली होती. योसेफनं पंचाखालून हात काढल्यावर भाईदासनं ती सांगितली, आणि बोलीत नसलेला एक शब्द जास्तीचा घातला: "अंगनी निखोड शे." जसोदाबाई उंबऱ्यात होती. तिनं मान खाली घातली. थंडी सुरू झाली की पोवळीचा पुढचा डावा पाय आखडायचा. दर साली मार्गशीर्षापासून माघ सरेपर्यंत पहाटे तेल कोमट करून चोळायचं, वर एरंडाचा पाला बांधायचा, हे जसोदाबाईच्या नेमातच बसून गेलं होतं. त्या संध्याकाळी तिनं हळूच विषय काढला तेव्हा भाईदास म्हणाला, थंडीपुरतं आहे ते, त्याला काय खोड म्हणायचं? आणि एका यात्रेनंतर ती परत यायचीच आहे. तिनं पुढं काही म्हटलं नाही. ती परत यायचीच होती.

सुरतेचा माणूस गेल्यावरही भाईदासनं दोधूला बोलावून पाटे काढायला लावले. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोधू लोहार चाकाशी बसून पान्याशी झटत होता, पण त्याचा हात चालत नव्हता.

"आप्पा, मन्हा पाटासमुळे मरनी का ही?"

"नही रे. मरनी ती आपली मरनी. सुतक फक्त तुन्हा नावनं शे."

दोधू हसला नाही. भाईदासही हसला नाही. काढलेले पाटे चाकाशी तसेच राहिले.

जसोदाबाईचा नेम चालू होता. पोवळी गेल्यापासूनही ती रोज हरभरे भिजत घालायची आणि सकाळी पडवीतल्या रिकाम्या खुंट्याशी ठेवायची. चिमण्या येऊन टिपून जायच्या. मोटार दारात आली तेव्हा धनुबाईनं कुंपणावरून विचारलं होतं, "वं बाई, मोटरले बी चना घालस का? घाल, घाल. एखादा दिन हिनहिनाई." आता धनुबाई त्याबद्दल काही बोलत नव्हती. न बोलणं जास्त लागायचं.

यात्रा भरली. नदीकाठच्या मैदानात घोड्यांच्या रांगा लागल्या, घुंगरांचे आवाज घरापर्यंत येऊ लागले. दुसऱ्याची एक मोटार माणसं टपावर बसवून दोंडाईच्याकडून येत होती, जात होती, आणि भाईदासच्या घराशी वळताना प्रत्येक वेळी भोंगा वाजवत होती. जन्मात पहिल्यांदा भाईदास यात्रेच्या मैदानाकडे फिरकला नाही. मोटारीच्या पायरीवर बसून तो रस्त्यापलीकडच्या शेताकडे बघत राहायचा. जेवायला बोलावलं की यायचा. जेवणावर तो कधीच रुसला नव्हता, अजूनही रुसला नाही. जेवता जेवता मध्येच त्याचा हात थांबायचा, एवढंच.

पुनवेच्या आदल्या दिवशी, ऊन कलतं झालं असताना, भाईदास एकदम पायरीवरून उठून ओट्यावर आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. जसोदाबाई आत वाती वळत होती. त्याच्या पाठीमुळे तिला बाहेरचं दिसेना. मग तिला खुरांचा आवाज आला. तीन पाय नीट पडत होते, चौथा टेकल्यासारखा करून उचलत होता. वात तिच्या बोटांत तशीच राहिली.

योसेफ घोडीच्या पुढं चालत आला होता. अंगात मिशनच्या शाळेतल्यासारखा धुतलेला पांढरा सदरा, गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले.

"नमस्कार, आप्पा. बसून नाही आलो," तो आधी म्हणाला, जणू ते सांगणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं. "पाय दुखतो तिचा. म्हणून चालत आलो."

त्यानं मग सावकाश सगळं सांगितलं. घोडी त्यानं एकट्यानं घेतली नव्हती. पाड्यांनी मिळून घेतली होती, दवाखान्याच्या सुईणबाईला डोंगरात न्यायला. थंडी पडेपर्यंत घोडीनं फार चांगलं काम केलं. बाई तिच्यावर बसून झोपसुद्धा काढायची, इतकी ती सांभाळून चालते. मग पाय गेला. बाई आता पायी येते. गेल्या आठवड्यात त्याच्या भावजयीकडे, रूपीबाईकडे, ती पोचली तेव्हा उशीर झालेला होता. एवढं सांगून तो थांबला, आणि ते वाक्य त्यानं पुढं नेलं नाही.

"पुनव उद्या आहे," तो म्हणाला. "मी बोलीत आहे ना, आप्पा?"

"शे," भाईदास म्हणाला.

जसोदाबाई उठून त्याच्या मागं येऊन उभी राहिली होती. त्याच्या खांद्यावरून तिला पोवळीचं कपाळ दिसलं. घोडीनं मान लांब केली, उंबऱ्याचं लाकूड हुंगलं, आणि आत यायला दुखरा पाय उचलला. आत जागा होती. खुंटा होता, सकाळचे थोडे हरभरेसुद्धा उरलेले होते. भाईदासनं फक्त बाजूला व्हायचं होतं.

तो वाकला. क्षणभर तिला वाटलं, दोर हातात घ्यायला वाकला. त्यानं तो उचललेला पाय अधांतरीच तळहातावर घेतला आणि खूर वर करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पाय अलगद उंबऱ्याच्या बाहेर ठेवला.

"नाल मन्ही नही," तो म्हणाला.

योसेफ जणू या वाक्याची वाटच बघत होता. त्यानं घाईनं खांद्याची झोळी उतरवली आणि चिंधीत बांधलेल्या चार नाला काढल्या. झिजून त्या पात्यासारख्या झाल्या होत्या, पण दोधूच्या खुणेचे दोन ठिपके अजून दिसत होते.

"डोंगरात दगड फार, आप्पा. संपल्या. पण तुम्ही म्हणाले होते नाल तुमची पाहिजे, म्हणून एकही टाकली नाही. ह्याच परत ठोका. आता ठोका, मी थांबतो."

भाईदासनं त्यातली एक घेतली. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. त्याची नजर मोटारीच्या चाकाशी पडलेल्या पाट्यांवर गेली आणि तिथून लगेच निघाली. त्यानं नाल योसेफच्या हातात परत दिली. हात त्यानं झटकले नाहीत, धोतराला पुसले.

योसेफनं वाद घातला नाही. नाला पुन्हा चिंधीत गुंडाळता गुंडाळता त्यानं भाईदासच्या मागं उभ्या असलेल्या जसोदाबाईकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला, "ही तुमच्याकडेच बघते आहे, म्हणजे हिला तुम्हीच चारत असाल. तुम्ही सांगा. इथं होती तेव्हा हिचा पाय दुखायचा का?"

भाईदासनं मागं वळून पाहिलं नाही. जसोदाबाईला त्याची मान दिसत होती, मानेवर मोटारीच्या कामात लागलेला आणि अजून न गेलेला काळा डाग दिसत होता. हो म्हटलं, तर नाल कुणाची हा प्रश्नच उरत नव्हता. निखोड म्हणून दिलेलं जनावर परत घ्यावं लागणार होतं, आणि त्याचं जे आलं होतं ते निंबाखाली फुटून उभं होतं. नाही म्हणायला तिची जीभ वळणार नव्हती. पहाटेच तिनं त्या जिभेनं दत्ताचं नाव घेतलं होतं. कुंपणाशी धनुबाई येऊन उभी राहिली होती.

"एरंडना पाला बांधत जा," जसोदाबाई म्हणाली.

योसेफला नीट कळलं नाही. तो एक पाऊल जवळ आला.

"तेल कोमट करीसन चोळ, वर पाला बांध. डावा पायलेच. पहाटे बांध नि ऊन पडं का सोड. जास्त चालू देऊ नको." ती थांबली. "माघ सरना का बरी व्हई जास."

योसेफ तिच्याकडे बघत होता. मग त्यानं भाईदासकडे पाहिलं, तेही थोडाच वेळ. काही तरी त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं आणि त्यानं ते येऊ दिलं तसं जाऊही दिलं.

"तेल कोणतं, माय?"

"तीळनं."

"आमच्याकडे मोहाचं असतं."

"चाली," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, औषधाची मात्रा लक्षात ठेवतात तशी. चिंधीतल्या नाला त्यानं मोटारीच्या पायरीवर ठेवल्या. "ह्या तुमच्या," तो म्हणाला, आणि दोर हातात घेतला.

जसोदाबाईनं त्याला थांब म्हटलं. आतून खुंट्याजवळचे उरलेले हरभरे ओंजळीत आणले आणि नवऱ्याच्या कडेनं वाट काढून ती बाहेर गेली. पोवळीनं ते खाल्ले. तळहात चाटला, मग उलटा करून बघावा तसं त्याला नाक लावलं. तिला आणखी काही हवं होतं. जसोदाबाईनं हात मागं घेतला. वळताना घोडी अडली. योसेफनं दोर ओढला नाही. तो नुसता उभा राहिला, आणि थोड्या वेळानं ती आपणच चालायला लागली. यात्रेच्या मैदानाकडून येणाऱ्या माणसांनी त्यांना वाट दिली.

दिवेलागणीला भाईदास घरात आला. जसोदाबाईनं देवाशी दिवा लावला होता. तो फडताळाशी गेला, डबा शोधायला त्याला वेळ लागला. घरातल्या वस्तू कुठं असतात हे त्याला कधी माहीत नव्हतं. डब्यातून गुळाचा एक खडा काढून त्यानं तो तळहातावर घेतला आणि तिच्यापुढं धरला.

"दारी येवापावत बोलनी व्हती ना तू," तो म्हणाला. "ऊनी ती दारी. तुन्हं व्रत फिटनं. खाय."

त्याचा आवाज मऊ होता. जसोदाबाईनं त्या हाताकडे पाहिलं. तो गूळ देत नव्हता, मागत होता, हे तिला कळलं. तिनं तो खाल्ला असता तर त्याला आज झोप आली असती.

"उंबरापावत ऊनी," ती म्हणाली. "आत नही ऊनी."

"दारी म्हंजे दारीच ना वं."

"बोली मन्ही शे," ती तितक्याच हळू म्हणाली.

मग त्यानं खडा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. ते वाकडं बसलं, तेव्हा काढून पुन्हा नीट लावलं. बाहेर दुसऱ्याच्या मोटारीनं घराशी वळताना भोंगा वाजवला.

जसोदाबाईनं वातीची काजळी झाडली. मग वाटीत मूठभर हरभरे काढून तिनं त्यांवर पाणी ओतलं आणि सकाळसाठी झाकून ठेवले.